आमेनच्या आत

नवं चर्च आमच्या वस्तीतच बांधायचं की लांब दिंद्रुड रोडला, हे देवाला विचारायला मंडळीनं तीन दिवसांचा उपास धरला. रोडला झालं तर गुडघे गेलेल्या माझ्या भिवराआजीचं चर्चच सुटणार होतं, म्हणून ती तर पाणीसुद्धा पीत नव्हती.

तिसऱ्या दिवशी जुनं चर्च झाडताना वेदीजवळ भिंतीला टेकवलेल्या कशावर तरी टाकलेलं गोणपाट मी उचलून बघितलं. खाली कोरलेली संगमरवरी पाटी! 'प्रभूच्या मार्गदर्शनानुसार दिंद्रुड रोड येथे पायाभरणी. हस्ते: पंच याकोब साळवे.'

माझं डोकंच सणकलं. चटया अंथरणाऱ्या पंचांना मी गाठलं. "याकोबकाका, ठरलंच हाय तर माझी आजी कावून उपाशी?"

"हळू बोल गं! पोरीच्या जातीनं मंडळीच्या कामात लई नाक खुपसू न्हाई. झाक ते. बस अन् डोळे मीट."

शेवटची प्रार्थना त्यांनीच चालवली. "हे प्रभू, तुझी इच्छा आज आमच्या डोळ्यांना दिसू दे!" सगळ्यांनी डोळे मिटले होते, आजीनं तर गच्च.



मी एकटीनं उघडे ठेवले, आणि 'आमेन' व्हायच्या आत जाऊन ते गोणपाट ओढलं.