देणाऱ्याचा पत्ता

“इथं, मम्मी. रेघेवर,” रॉइस म्हणाला.

व्हेस्टा स्टॅम्परने पर्स काउंटरवर ठेवली, चष्मा नाकावर खाली ओढला आणि पेन घेतलं. “आणि मी मरेपर्यंत तिथंच राहणार, ते आहे ना यात?”

“सगळं आहे.”

“नाही, शेजारच्या ओपलचं काय झालं ते पाहिलं ना आपण. फेअरहेवनमध्ये जाऊन पडली, आणि त्या वृद्धाश्रमाच्या बिलात घर गेलं बिचारीचं. घर तुझ्या नावावर असलं की कुणाच्या बापाला हात लावता येणार नाही.”

“म्हणून तर आलोय ना आपण? कर सही.”

तिने केली. सावकाश, पूर्ण नाव, मधलं पर्लसुद्धा.

काउंटरपलीकडे नोरीन होती. लहानपणी चर्चमधल्या रविवारच्या शाळेत ती व्हेस्टाच्या हाताखाली शिकली होती. आता काउंटीच्या कचेरीत घरांची आणि गाड्यांची नोंदणी तिच्याकडे होती. तिने हक्कसोडपत्र आपल्याकडे ओढलं. “विचारावं लागतं, मिस व्हेस्टा. स्वखुशीने सही केलीत ना?”

“छे गं. हा मला खुर्चीला बांधून घेऊन आलाय.”

नोरीन हसली. मागे रांगेत पास्टरची बायको गाडीच्या नंबरप्लेटसाठी उभी होती, तीही हसली. “भाग्यवान आहात. आमची पोरं ओहायोला गेली ती फोनसुद्धा करत नाहीत.”

“हा सकाळीच आला बघा. स्वतःच्या हातानं कोट चढवला मला,” व्हेस्टा तिला म्हणाली आणि पुन्हा काउंटरकडे वळली. “आता आटप, पोरी. सिंकमध्ये कोंबडी ठेवलीये, बर्फ सुटायला. आज रश्श्यात पिठाचे गोळे सोडणारेय. याला आवडतात.”

“आवडतात ना अजून?” नोरीनने विचारलं.

रॉइस घड्याळाकडे बघत होता.

नोरीनने सहीखाली आपली सही केली आणि ओळींवरून बोट फिरवत गेली. “मोबदला: प्रेम आणि जिव्हाळा. बरोबर. घरपट्टीचं बिल रॉइसला. बरोबर. फक्त पत्ते राहिलेत. ते नसले तर नोंद होत नाही. घेणाऱ्याचा सांगा.”

“सॉर्गम हॉलो रोड,” रॉइस म्हणाला. “हेच घर.”

व्हेस्टा त्याच्याकडे वळली. तिचा सगळा चेहरा उजळला होता. “तू येणार राहायला? ग्वेंडापण? मग आधी सांगायचं नाही का रे! वरची खोली झाडून ठेवली असती मी.”



“आणि देणाऱ्याचा?” नोरीनने विचारलं.

“आता तोच लिही की, वेडे.”

“फेअरहेवन,” रॉइस म्हणाला. “मेपल स्ट्रीट. मागची इमारत.”

नोरीनचं पेन थांबलं.

“हा कुणाचा पत्ता?” व्हेस्टाने विचारलं.

“मम्मी, बोललो होतो आपण.”

“कधी?”

“हेच ते. तू विसरतेस. म्हणूनच तर.”

नोरीनने पान उलटलं, परत सुलटं केलं. मग आवाज खाली आणला. “मरेपर्यंत तिथं राहण्याबद्दल यात काही नाहीये, मिस व्हेस्टा. पण अजून शिक्का पडलेला नाही. तुम्ही नको म्हणा, मी कागद परत देते.”

“तिनं सही केलीये, नोरीन,” रॉइस म्हणाला. “स्वखुशीनं. तूच विचारलंस.”

“मी तुला नाही विचारत.”

रांगेतून पास्टरची बायको पुढे वाकली. “काही घोटाळा झालाय का?”

व्हेस्टाने मुलाकडे पाहिलं. त्याची मान कॉलरपासून कानापर्यंत लाल झाली होती. लहानपणी कुणाच्या खिशातलं काही उचललं की अशीच व्हायची. तेव्हा ती त्याला चारचौघांत कधी बोलली नव्हती. हात धरून घरी आणायची, दार लावायची, आणि मग काय ते बोलायची.

“घोटाळा कसला,” ती पास्टरच्या बायकोला म्हणाली. “मीच विसरले होते.”

नोरीनने पत्ता लिहिला. शिक्का उचलला, क्षणभर तसाच धरला. व्हेस्टाने मान हलवली. शिक्का पडला.

रॉइसचा फोन वाजला. त्याच्या बायकोचा, ग्वेंडाचा आवाज काउंटरच्या पलीकडेही ऐकू जात होता. “झालं का? हे बघ, तिला विचार पीठ कुठं ठेवलंय. सगळी कपाटं उघडून बसलेय मी इथं. कोंबडी पार पाण्यात गेलीये.”

त्याने फोन छातीशी दाबला. “मम्मी...”

“ऐकलं मी.”

ती कोटाची बटणं लावत होती. वरचं काही लागेना, तशी रॉइसने पुढे होऊन ते लावून दिलं. तिने हनुवटी वर करून लावू दिलं.

“फ्रीजवरच्या निळ्या डब्यात,” ती म्हणाली. “आणि म्हणावं, मीठ बेतानं घाल. तुला ब्लडप्रेशर आहे.”