विसावी मुलगी

"एक कम है, पंडितजी," छिंदवाड्याहून आलेले साहेब म्हणाले.

रघुनाथराव शास्त्र्यांनी सतरंजीवरच्या मुली पुन्हा मोजल्या. एकोणीसच. वीस मुली बसल्या तर या इमारतीत सरकारी कन्याशाळा, नाही तर धान्याचं गोदाम. मुदत आजचीच होती.

सौंसरच्या या पाठशाळेनं काय काय पाहिलं नव्हतं! भोसल्यांच्या काळात इथे वेद घोकले गेले, इंग्रजांनी कचेरी थाटली, प्लेगात रोगी ठेवले, मग शास्त्र्यांच्या वडिलांनी पुन्हा पाठशाळा भरवली. गेल्या वर्षी राज्यांची फेरवाटणी झाली. नागपूर मराठी मुलखाकडे गेलं, सौंसर इकडे हिंदी राज्यात राहिलं, आणि नागपूरकडचे विद्यार्थी यायचे बंद झाले. वडिलांची जागा पोत्यांखाली जाणार, या विचारानं शास्त्र्यांचा जीव तुटत होता. आठवडाभर ते दारोदार फिरले. कापूस वेचणीचे दिवस. तरी लोकांच्या हातापाया पडून त्यांनी एकेक मुलगी शेतातून सोडवून आणली.

"वह किसकी बच्ची है?" साहेबांनी बोट दाखवलं.

समोरच्या घराच्या दारात शास्त्र्यांची नऊ वर्षांची नात उभी होती, विजया. वेणी घातलेली, पाटी छातीशी धरलेली. मुलींना शिकवा म्हणून आजोबा दारोदार जे सांगत फिरले, ते वेडीनं खरं मानलं होतं.

"माझी नात आहे. तिला मी घरीच शिकवून राहिलो," शास्त्री घाईनं म्हणाले आणि तिच्यावर खेकसले, "आत हो!"

आपल्या मुलीला घेऊन आलेला चिंधू नावाचा शेतकरी पुढे झाला. "लिवा नं महाराज तिचं नाव. वीस होते. मी माही पोरगी वेचनीवरून आनली नं."

"अरे चिंधू," शास्त्री म्हणाले, "ती शास्त्र्यांच्या घरची आहे. या सगळ्यांत कशी बसेल?"

चिंधूनं आपल्या मुलीला हाताला धरून उठवलं. मग बाकीच्याही एकेक करून उठल्या. साहेबांनी रजिस्टर मिटलं.

सोमवारी ज्वारीची पोती आत गेली. शास्त्र्यांना रडू आवरेना. ते रडणं खरं होतं, एवढं मान्य करायलाच हवं. डोळे पुसून त्यांनी त्याच दुपारी कलेक्टरांना अर्ज लिहिला: इथल्या अडाणी लोकांना मुलींच्या शिक्षणाची चाड नाही, म्हणून एक प्राचीन विद्यास्थान बुडालं.