नारळ

उत्तम सर मंडळाच्या खोलीत शिरले आणि त्यांना सगळ्यात आधी टेबलावरचा नारळ दिसला. स्टीलचं ताट, त्यात नारळ, शेजारी प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेली शाल. म्हणजे ठरलं होतं तर. आपल्याकडे माणसाला हाकलायचं असलं तरी आधी शाल पांघरतात.

आंबिवलीच्या या मंडळाची मुलींची फुटबॉल टीम यंदा सगळीकडे हरली होती. एकच सामना जिंकली, तोही समोरची टीम आलीच नाही म्हणून. मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर रोज कुणीतरी लिहायचं, कोच बदला. सेक्रेटरी सुदेश भोईर तर चहाच्या टपरीवर उघड बोलला होता, "सरांना नारळ द्यायची वेळ आली." ते संध्याकाळच्या आत सरांच्या कानावर आलं होतं.

शहाडच्या कारखान्यातली पहिली पाळी सुटली की सर घरी न जाता मैदानावर यायचे. मैदान आपलं म्हणायला. त्यातले दगडसुद्धा त्यांनीच वेचले होते. जेवण गार झालं म्हणून घरी पत्नी शीलाताई रोज कुरकुरायच्या. आज मात्र निघताना त्या एवढंच म्हणाल्या, "तिथे गेल्यावर आधी ऐकून घ्या. मग बोला."

मुली सतरंजीवर बसल्या होत्या. बाकी सगळ्या जर्सीत. गोलकीपर संचिता तेवढी नवा ड्रेस घालून, चापूनचोपून वेणी घालून पुढे बसलेली. सरांना पाहून ती हसली. ते हसू सरांना फार लागलं. हिला गोलमध्ये त्यांनीच उभं केलं होतं. बॉल अंगावर आला की डोळे मिटून घ्यायची. पोरीचं नाक फुटेल म्हणून तिची आई, केशरबाई, नाहीच म्हणत होती, तिलाही त्यांनीच घरी जाऊन समजावलं होतं. आणि आज आपल्या निरोपाला ही नटून आली.

सुदेश उठला. घसा साफ करून म्हणाला, "सर, आज सगळ्यांना ज्याच्यासाठी बोलावलंय..."

"मी आधी बोलतो," सर म्हणाले.

"सर, दोन मिनिटं. आधी हे..."

"नारळच द्यायचाय ना? द्या. पण आपण कुणामुळे हरलो, तेही ऐका." त्यांचा आवाज चिरकला. तो सावरायला त्यांनी आणखी चढवला. "मी पोरींना पळायला शिकवलं, पास द्यायला शिकवलं. पण मागे गोलमध्ये कोण उभं आहे? एकेका मॅचला सात-सात, आठ-आठ गोल. तो ताटातला नारळ हिच्या हातात द्या. तोही पाडेल."

कमिटीतले दोघं-तिघं हसले. संचिताही अजून हसत होती. चेहऱ्यावरचं हसू आवरायचं तिला सुचलंच नव्हतं.

"तुम्ही काढायची वाट मी बघणार नाही," सर म्हणाले. "मीच सोडतो."

सुदेशने ताटाकडे पाहिलं, मग सरांकडे.

"सर, परवाच्या मीटिंगमध्ये तुम्हाला ठेवायचं ठरलेलं," तो म्हणाला. "माझं मत वेगळं होतं, खोटं कशाला बोलू. पण ही संचिता येऊन उभी राहिली. म्हणाली, सर नसतील तर मी पण नाय खेळणार."

"मग हे ताट?"

"संचिताचं. महाराष्ट्राच्या ज्युनिअर टीममध्ये घेतलं तिला. निवडणारे म्हणाले, एवढे बॉल अंगावर घेणारी पोरगी बघितली नाय. सरांना आधी कुणी सांगायचं नाय आणि शाल त्यांच्याच हातची पायजे, असा हट्ट धरून बसलेली."

सरांनी खुर्चीची पाठ धरली. "मला... मला काय माहीत?"

"तेच सांगायला उठलो होतो." सुदेश आता अगदी नरमाईने बोलत होता. मनातून त्याला सुटल्यासारखं झालं होतं आणि ते त्याच्या तोंडावर दिसत होतं. "पण आता चार माणसांत तुम्ही सोडतो म्हणालात, सर. तुमचा शब्द आम्ही कसा मोडायचा?"

सरांनी पुन्हा संचिताकडे पाहिलं. हिने एक शब्द काढला तर अजूनही सगळं जागेवर येईल, असं त्यांना वाटलं. परवा तिनेच तर सगळ्यांना गप्प केलं होतं.

ती उठून समोर आली. सरांनी पिशवी उघडायला घेतली, ती धड फाटेना. शेवटी शाल निघाली. त्यांनी ती तिच्या खांद्यावर घातली. ती त्यांच्या मागे भिंतीकडे बघत होती. दर सामन्याआधी ती त्यांच्या पाया पडायची, आज वाकली नाही.

मग सरांनी नारळ उचलला. तिच्यापर्यंत पोचायच्या आत तो निसटला.

संचिता खाली झेपावली. शाल घसरून सतरंजीवर पडली. नारळ मात्र जमिनीला लागायच्या आत तिने दोन्ही हातांत धरला होता. सगळ्या मुलींनी टाळ्या वाजवल्या, सवयीने.

ती सावकाश उभी राहिली. तिने सरांचा हात धरला, त्यावर नारळ ठेवला.

"घ्या सर," ती म्हणाली. "हा तुम्हालाच."