येतोय, भात टाक

"काही झालं तरी बॅटरी लावायची नाही," असं मी रिक्षातून दिवे बघायला येणाऱ्या प्रत्येकाला बजावतो. नदीपलीकडच्या जुन्या रस्त्यावरचे ते दिवे कसले, हे मला ठाऊक नाही आणि जाणूनही घ्यायचं नाही. पण मेस्त्रीकाकी काही मजा बघायला आल्या नव्हत्या. चार वर्षांपूर्वी त्याच रस्त्याने घरी येताना त्यांचे यजमान नाहीसे झाले होते.

अंधार पडला तसे पलीकडे एकामागोमाग एक दिवे चालू लागले. मी अडवायच्या आत काकींनी पिशवीतून बॅटरी काढली आणि हवेत दोन गोल फिरवले.

"त्या वळणावर पोचले की हे असेच दोन गोल फिरवायचे," त्या म्हणाल्या. "म्हणजे, येतोय, भात टाक. मग मीही अंगणातून तसेच फिरवायची."

पलीकडचा एक दिवा थांबला. त्याने सावकाश दोन गोल फिरवले.

काकींनी माझं मनगट घट्ट धरलं. "बघितलंस? मी सांगत नव्हते?" माझेही डोळे भरून आले.

मग त्याच्या मागच्या दिव्याने दोन गोल फिरवले. मग त्याच्याही मागच्याने. बघता बघता वळणापर्यंतचे सगळे दिवे गोल फिरले, आणि रस्ता सोडून नदीकडे उतरू लागले.

"काकी, आधी रिक्षात बसा!" मी ओरडलो.

काकी जागच्या हलल्या नाहीत. बॅटरी तशीच चालू होती.

"अरे देवा," त्या पुटपुटल्या, "एवढ्या जणांना माझं पातेलं पुरायचं नाही."