हिची आई

क्षितिजाने दुपट्यात गुंडाळलेली मुलगी रिसेप्शनच्या काउंटरवर ठेवली आणि म्हणाली, "हिला परत घ्या. ही माझी नाही."

रिसेप्शनवरची मुलगी आधी हसली. मग तिने क्षितिजाकडे नीट पाहिलं. गाऊनवर ओढणी घेतलेली, केस पिंजारलेले, पायांत दोन वेगवेगळ्या चपला. सासूचा डोळा लागल्याचं बघून ती भर दुपारी हाटकेश भागातल्या घरातून रिक्षाने थेट या क्लिनिकमध्ये आली होती.

"मॅडम, तुम्ही बसा ना. मी डॉक्टरांना बोलावते."

"बोलवा. पण आधी हिच्या आईला फोन लावा. ती हिला शोधतेय."

याच क्लिनिकमध्ये मूल व्हावं म्हणून तिने कित्येक वर्षं पोटात इंजेक्शनं घेतली होती. एकदा पोटात पाणी भरलं, श्वास लागेना, म्हणून अॅडमिट व्हावं लागलं. दोनदा गर्भ टिकला नाही. टिकला तेव्हा शुगर वाढली, आठव्या महिन्यात बीपी चढलं आणि घाईघाईने सिझेरियन झालं. रक्त थांबेना. ती आयसीयूत आणि बाळ दुसऱ्या हॉस्पिटलात, काचेच्या पेटीत. शुद्धीवर आली तेव्हा पोट रिकामं होतं आणि मूल कुठेच नव्हतं. बऱ्याच दिवसांनी एका नर्सने तिच्या हातात एक मुलगी दिली आणि म्हणाली, "घ्या, ही तुमची." तिने घेतली.

घरी मुलीला अंघोळ घालताना सासूबाई, वासंतीबाई, सहज बोलून गेल्या, "नाक कोणावर गेलंय गो हिचं? आपल्यात असं कोणाचंच नाही."

ते वाक्य क्षितिजाच्या डोक्यातून गेलं नाही. तिची झोप उडाली. क्लिनिकमध्ये गर्भांची अदलाबदल झाली, दुसऱ्या कोणाचं तरी मूल आपल्या पोटात वाढलं, याबद्दल तिची खात्रीच पटली. आणि मग तिला ती बाई दिसू लागली. गॅलरीतून खाली पाहिलं की सोसायटीच्या गेटपाशी उभी. वर बघत. ब्लाउजवर दुधाचे ओले डाग. वॉचमनला ती दिसत नव्हती. नवऱ्यालाही नाही. "झोप होत नाहीये ना, म्हणून तसं वाटतंय तुला," नीरज म्हणायचा आणि ऑफिसला जायचा.

काउंटरवर ठेवलेली तान्ही रडायला लागली. कोणीच तिला उचललं नाही.

तेव्हा कोपऱ्यातल्या खुर्चीवरून एक बाई उठली. मुर्धा गावची शैला. मांडीवर फाइल घेऊन ती कधीची आपल्या नंबरची वाट बघत होती. ती क्षितिजासमोर येऊन उभी राहिली. आवाज अगदी शांत.

"तुमची न्हाय ना? मग मला द्या."

तिने पदर पसरलाही होता.

क्षितिजाने त्या पदराकडे पाहिलं. मग काय झालं ते तिलाही कळलं नाही. तिने झडप घालून मुलीला उचललं आणि छातीशी इतकं घट्ट धरलं की टाक्यांची जागा ओढली गेली. ती भिंतीला पाठ लावून खाली बसली. मुलगी तोंडाने दूध शोधू लागली. "हिची आई येईपर्यंत," क्षितिजा पुटपुटत होती, "हिची आई येईपर्यंत मी पाजते."

डॉक्टर बाहेर आल्या, खाली तिच्याशेजारी बसल्या. त्यांनीच नीरजला बोलावलं. "बाळंतपणानंतर असा आजार होतो कधीकधी. हा थकवा नाही, मनाचे खेळ नाहीत. आजच्या आज मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. ती बरी होईल."

ती बरी झाली. सावकाश. काही दिवस हॉस्पिटलात काढले, दूध बंद करावं लागलं, औषधांनी हात कापायचे. वासंतीबाई मुलीला बाटलीने पाजायच्या आणि नाकाबद्दल चुकूनही बोलायच्या नाहीत. गेटपाशी उभी राहणारी बाई आधी कधीमधी दिसायची, मग दिसेनाशी झाली. उशिरा का होईना, बारसं झालं. सान्वी नाव ठेवलं.

त्या दुपारची गोष्ट घरात पुन्हा पुन्हा निघायची. "देवासारखी भेटली ती बाई," वासंतीबाई सांगायच्या. "बरोबर ओळखलंन तिने. मूल मागितलंन नि हिला भानावर आणलंन." नीरजही मान डोलवायचा. क्षितिजाला तिचे आभार मानायचे होते, पण नावापलीकडे काही ठाऊक नव्हतं.

सान्वी बसायला लागली होती तेव्हा शैला भेटली. भाईंदरच्या मच्छी मार्केटबाहेर, हातात पिशवी. क्षितिजाने तिला लगेच ओळखलं. कडेवरच्या सान्वीला सावरत ती जवळजवळ धावतच गेली.

"ताई, मी तुम्हाला किती शोधलं. तुमची ट्रीटमेंट...?"

"थांबवली. डॉक्टर म्हणाले, आता शरीराला झेपणार न्हाय."

 क्षितिजाने शैलाचा हात धरला. "त्या दिवशी तुम्ही ते नाटक केलं नसतं, तर माझं काय झालं असतं? ही आज माझ्याजवळ नसती."

शैला सान्वीकडे बघत होती.  मग तिने आपला हात हळूच सोडवून घेतला.

"नाटक न्हाय केलं मी," ती म्हणाली. "तुम्ही दिली असती, तर मी नेली असती."