चित्रातला पिंपळ

सकाळी पिंपळ काढल्यावर पडद्यावरची इमारत झरझर फिरू लागली. परागने माउस सरकवला. फाटक, लॉबी, जिना, गच्ची. कुठेच अडलं नाही.

ऑफिसातल्या कॉम्प्युटरला वेगळं ग्राफिक्स कार्ड नव्हतं. चित्राला लागणारी मेमरी तो मुख्य मेमरीतूनच उचलायचा. चित्राला जास्त दिली की बाकीचा कॉम्प्युटर धापा टाकायचा, कमी दिली की चित्र अडखळायचं. पिंपळाच्या पानांपाशी तर ते ठप्पच व्हायचं. कार्ड घ्या, असं परागने सांगून पाहिलं होतं. दोन हजार पाच साली नवघरच्या बिल्डरला एवढं पुरे, असं भावेशशेठचं मत पडलं. झाडच काढ, म्हणाले.

इमारतीची जमीन खारी गावच्या रामनाथ पाटलांची. तिथल्या पिंपळाखालचा देव, चेडोबा, जागेवर राहील, एवढीच त्यांची अट. ती कागदात नव्हती. कॉम्प्युटरवर डोळ्यांनीच बघा, असं शेठ त्यांना घरी जाऊन सांगून आले होते.

रामनाथ आले, खुर्चीच्या कडेवर बसले. लिफ्ट, गच्ची यांत त्यांनी रस दाखवला नाही. इमारतीच्या मागे न्यायला सांगितलं. मागे गाड्या उभ्या होत्या.

"झार कुठं हाय?"

"काका, झाड आहेच. मशीनला झेपत नाही म्हणून फक्त चित्रातून काढलंय."

"मशीनला झेपत न्हाय म्हनून कारलंस. उद्या तुला झेपलं न्हाय तं?"

शेठ हसले, एकटेच. मग परागकडे वळून म्हणाले, "वापस डाल."

परागने कालच्या फाइलमधून पिंपळ आणून बसवला. चित्र फाटकातून निघालं, मागे वळलं आणि पिंपळासमोर येऊन थांबलं. पानं, पार, शेंदरी दगड. शेठ खालच्या आवाजात ‘आगे ले’ म्हणाले. परागने माउस हलवून पाहिला, मग हात काढून घेतला.

रामनाथांनी हात जोडले.

"र्‍हाऊ दे," ते म्हणाले. "देवाच्या म्होरनं कोनी घाईत जात न्हाय."

मग त्यांनी कराराच्या प्रत्येक पानावर सावकाश सही केली.

ते दाराबाहेर चपला घालत होते, तेव्हा परागने फाइल बंद करायला घेतली. बदल ठेवायचे का, असं पडद्यावर आलं. शेठ पानं उलटून सह्या तपासत होते.

"शेठ, झाड ठेवायचं?"

"नको," शेठ मान वर न करता म्हणाले. "सकाळचंच राहू दे."