सायकलवाल्यांची रीत

मागचं चाक बसलं आणि गिल्बर्ट खाली उतरला. घोड्याच्या नालेचा खिळा टायरात घुसून चांगली बोटभर चीर पडली होती. कोलशेतच्या रस्त्यावर भर दुपारी चिटपाखरू नव्हतं, आणि पिशवीतलं दूध नासायच्या आत त्याला मिठागरावर पोचायचं होतं.

मिठागर ओस पडलं होतं. प्लेगच्या धास्तीनं तिथली माणसं गावोगाव पांगली होती. बांधाच्या टोकाला एका रिकाम्या झोपडीत गिल्बर्टनं आपल्या बायकोला लपवलं होतं. एमिलियाला ताप चढला, तेव्हा ठाण्यात गोरे शिपाई घरोघर झडती घेत होते. शेजारच्या बिट्रिसला त्यांनी डोलीत घालून प्लेगच्या इस्पितळात नेलं, ती पुन्हा कुणाला दिसली नाही. एमिलियाचं तसं होऊ द्यायचं नाही, एवढं एकच गिल्बर्टच्या डोक्यात होतं. गाठ अजून उठली नव्हती. रोज जीव मुठीत धरून तो तिची मान आणि काखा चाचपून बघायचा.

मागून सायकलची घंटी वाजली.

ठाण्यात तेव्हा सायकली बोटांवर मोजण्याइतक्या. लोक हसायचे, कुत्री मागं लागायची, बैल बुजायचे. साऱ्या गावानं टर उडवल्यावर माणसं एकमेकांना धरून राहतात, तशी सायकलवाल्यांची एक रीत पडली होती. दुसरा अडलेला दिसला की उतरायचं. गिल्बर्ट स्वतः कितीदा उतरला होता. आजचा हा मात्र तसाच पुढं गेला तर बरं, असं त्याला वाटत होतं.

तो कसला जातो? उतरलाच. चाळिशीचा गृहस्थ, डोक्याला पगडी, डोळे जागरणानं तांबारलेले.

"मी गुप्ते, नौपाड्यातला. तुम्ही तारऑफिसातले ना? सरका, बघू द्या."

गिल्बर्टनं पिशवी हँडलवरून काढून पायाशी घेतली. गुप्त्यांनी ते पाहिलं. मग मांडी घालून बसले आणि टायर सोडवू लागले.

"कुठं निघालात?"

"तरीवर. होडीनं पलीकडं जायचंय, कल्याणला. भाऊ असतो तिथं."

"दूध घेऊन?"

"भावाची पोरं लहान आहेत."

"कल्याणात दूध मिळत नाही वाटतं," गुप्ते वर न बघता म्हणाले.

गिल्बर्टनं विषय बदलला. "तुम्ही कुठं असता कामाला?"

"कचेरीत कारकून. सध्या प्लेगच्या कामावर घातलंय. झडतीवाल्यांना घरं दाखवत हिंडायचं."

गिल्बर्टनं पायानंच पिशवी आणखी मागं सरकवली. गुप्त्यांनी ट्यूबला रबर चिकटवलं, टायर चढवून हवा भरली. मग आपल्या कमरेचा पट्टा कापून त्याचा तुकडा चिरेवर ठेवला आणि वरून सुतळीनं आवळून बांधला. हात सफाईनं चालत होते.

"चामडं जाड आहे, दर फेऱ्याला हिसका बसेल. सावकाश जा. आणि उपकार कसले? उद्या मी अडलो तर तुम्ही उतरालच की."

एवढं बोलून ते ज्या वाटेनं आले होते, त्याच वाटेनं माघारी गेले.

गिल्बर्ट आधी मुद्दाम तरीपर्यंत गेला. बराच वेळ थांबून त्यानं मागचा रस्ता न्याहाळला. कोणी येत नव्हतं. मग तो बांधावर वळला. माणसानं माणसाला मदत केली आणि आपण त्याच्यावर संशय घेतला, याची त्याला शरम वाटली.

झोपडीत एमिलिया उठून बसली होती. अंगावरचं लुगडं घामानं भिजलेलं, चेहरा उतरलेला, पण डोळे स्वच्छ.

"आयलास?" ती म्हणाली. "मना भूक लागली रं."

त्यानं कपाळाला हात लावला. गार. मान पाहिली, काखा पाहिल्या. कुठं काही नाही. प्लेग नव्हताच; साधा हिवताप होता, आणि तो उतरला होता. गिल्बर्ट भिंतीला टेकून लहान पोरासारखा रडला. त्याची एमी त्याला परत मिळाली होती.

दिवस कलताना तो पाणी आणायला बाहेर पडला आणि जागीच थबकला. बांधावरच्या मऊ धुळीत त्याच्या चाकाची रेघ उमटली होती, आणि त्या रेघेवर थोड्या थोड्या अंतरानं सुतळीचा आडवा ठसा होता. ठसे थेट झोपडीच्या दारापर्यंत आले होते. आंधळ्यानंही माग काढावा इतके ठळक. त्यानं झाडाची एक फांदी ओढली आणि वेड्यासारखी धूळ झाडायला घेतली.

घंटी वाजली.

शिपाई नव्हते. गुप्ते एकटेच होते. पाठीला शालीनं काहीतरी बांधलेलं, धाप लागलेली. दाराशी येऊन त्यांनी शाल सोडली आणि आतल्या लहानग्या पोरीला ओट्यावर निजवलं.

"रागावू नका," ते म्हणाले. "दूध पाहिलं तेव्हाच ओळखलं, तुम्हीही कुणाला तरी लपवलंय. उद्या माझ्याच आळीत झडती आहे. सकाळपासून हिला ठेवायला जागा शोधत होतो. तुमचं माणूस आणि माझी लेक शालू, दोघांचं दुखणं एकच. एकीकडे राहतील."

गिल्बर्टनं त्यांची बंडी धरून त्यांना मागं ढकललं. "घेऊन जा तिला. आत्ताच्या आत्ता. माझ्या बायकोला प्लेग नाही, नव्हताच कधी."

"नव्हता?" गुप्त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. ते गिल्बर्टच्या खांद्यावरून मागं पाहत राहिले.

गिल्बर्ट वळला. एमिलिया ओट्यावर बसली होती, पोर तिच्या पोटाशी होती, आणि पोरीच्या काखेतल्या गाठीवरून हळूच हात फिरवत ती विचारत होती, "हय दुखतंय का गो बाय?"